बाईची खानावळ

वसईतल्या सांडोरच्या चंद्रकांताकाकूंकडे हल्ली कुणीही पाहुणा आला, की त्याचा पाण्याचा पेला खाली ठेवून होतो न होतो तोच काकू आत तोंड करून हाक मारतात, "जागृती, बाईचा पिक्चर लाव गो." मग तो पाहुणा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असो, वाडीत लावायला केळीचे मुनवे मागायला आलेला असो, नाहीतर विजेच्या मीटरचा आकडा घ्यायला, त्याची सुटका नाही. सून बिचारी रिमोट शोधते. पाहुणा घड्याळाकडे बघतो. काकू मात्र पदर सावरून टीव्हीसमोर अशा बसतात, की पिक्चर त्यांच्याच घरचा.

पिक्चर हिंदी आहे. मुंबईच्या एका गल्लीतली बाई दारूच्या भट्टीपासून सुरुवात करते आणि बघता बघता अर्ध्या शहराकडून हप्ते घेऊ लागते, अशी त्याची गोष्ट. सुरुवातीलाच पांढऱ्या अक्षरांत येतं, की हे सगळं एका खऱ्या बाईच्या आयुष्यावर बेतलेलं आहे. ती अक्षरं आली, की काकू पडद्याकडे बोट दाखवून सांगतात, "ही खरी बाई ना, ती माझी गिऱ्हाईक." आणि ते खरं आहे. काकूंच्या बोलण्यात पुढे कितीही घोळ असला, तरी एवढं एक वाक्य अगदी खरं आहे.

तरुणपणी काकू वाडीतला माल पाटीत घालून मुंबईला विकायला नेत. सासरची वाडी बरी होती. केळी, विड्याची पानं, थोडी भाजी. पण काकूंचं नाव होतं ते सुकेळ्यांसाठी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज उलटायची, मध धरल्यासारखी तांबूस झाली की सुक्या केळीच्या पानात घट्ट गुंडाळायची आणि वरून केळीच्या खोडाच्या सोपटाच्या दोरीने बांधायची. हे काम वसईत पुष्कळ जणी करत, पण काकूंची गाठ अशी बसे, की पुडकं हाताळून हाताळून मऊ झालं तरी सुटत नसे. गिऱ्हाइकं वैतागून पान टराटरा फाडत आणि दोरी तोडून गटारात टाकत. काकूंना त्याचा भारी राग यायचा.

ग्रँट रोडकडच्या एका गल्लीत, जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर ही बाई राहायची. नाव काकूंनी कधी विचारलं नाही. काकू तिला 'बाई' म्हणायच्या, ती काकूंना 'वसईवाली' म्हणायची. बाई सुकेळी घ्यायची, घासाघीस करायची नाही, आणि पाटी कधी रिकामी परत पाठवायची नाही. पाटीत मूठभर साखर तरी असायची, नाहीतर तांदूळ, आणि त्याखाली पुडक्याचं सुकं पान नीट चौघडी करून ठेवलेलं. पान परत देणारं हे एकच गिऱ्हाईक. दोरी मात्र कधीच परत आली नाही. "पान देते, मग दोरीच का ठेवून घेते?" असं काकू सुरुवातीला घरी येऊन नवऱ्याला म्हणत, आणि तुळशीदासकाका म्हणत, "विचार ना तिलाच." काकूंनी विचारलं नाही.

आता त्या जिन्यावर दिवसभर पुरुषांची वर-खाली चाललेली असे. कुणी हमाल, कुणी टॅक्सीवाला, कधी चक्क खाकी कपड्यातला पोलीस. सगळे बाईला वाकून बोलत. वरती आंबूस वास भरलेला असे. हे सगळं बघून तुम्हाआम्हाला जे कळलं असतं ते काकूंना कळलं नाही. काकूंनी आपल्या मनाशी पक्कं ठरवलं, की बाईची खानावळ आहे. एवढे पुरुष येतात ते जेवायलाच येत असणार. वास कसला, तर आंबोळ्यांचं पीठ आंबवायला ठेवलं असेल. वाडीत वाढलेल्या काकूंच्या डोक्यात दुसरं काही येणार तरी कुठून? "बाई, आज काय केलंय?" असं काकू दारातूनच विचारायच्या, आणि बाई क्षणभर बघून गंभीर चेहऱ्याने सांगायची, "वाटाण्याची उसळ. मटण." काकू मान डोलवायच्या. चांगली गिऱ्हाइकं टिकतात अशा जेवणाला, म्हणायच्या.

मग एकदा काकू गेल्या तर दाराला कुलूप. खालच्या पानवाल्याने नुसता हात हलवून सांगितलं, "बाई गेली." काकूंना वाटलं, गावाला गेली. पुढच्या खेपेलाही त्यांनी बाईचं पुडकं बाजूला काढून ठेवलं, त्याच्या पुढच्याही. शेवटी ते घरीच खाल्लं. मग गुडघे बोलू लागले, मुंबई सुटली, आणि बाई काकूंच्या मनात कुठेतरी तळाशी जाऊन बसली.

ती वर आली ती लेस्लीमुळे. लेस्ली म्हणजे शेजारच्या बंगलीतला. पिक्चरवाल्यांना शूटिंगसाठी वाड्या, जुनी घरं, विहिरी दाखवणं हा त्याचा धंदा. एकदा तो एका दाढीवाल्या लेखकाला घेऊन काकूंच्या ओटीवर आला. त्या दाढीवाल्याला जुन्या मुंबईत फिरलेली माणसं हवी होती. गल्लीचं नाव निघालं, चाळ निघाली, आणि काकू सहज म्हणाल्या, "तिकडे एका बाईची खानावळ होती." दाढीवाल्याचे डोळे चमकले. त्याने मोबाइल पुढे धरला आणि काकू दुपारभर बोलल्या. सुकेळी, पाटी, पोलीस, उसळ, मटण, सगळं. ती बाई कोण होती हे त्यांना त्या दिवशी, त्या दाढीवाल्याच्या तोंडून कळलं. काकूंनी आधी देवाला हात जोडले, मग जागृतीला म्हणाल्या, "पण वागायला चांगली होती गो."

पिक्चर आला. आणि पिक्चरमध्ये खानावळ! बाई दारूचा धंदा झाकायला पुढच्या खोलीत खानावळ चालवते, ताटं वाढते, आणि मागे भट्टी. काकूंनी टाळी वाजवली. "बघ, मी म्हणत होते ना? खानावळच होती!"

"अगो, ती तूच सांगितलीस म्हणून त्यांनी घातली," तुळशीदासकाका म्हणाले. काकांना ऐकू कमी येतं, पण मुद्दा बरोबर येतो.

"मी सांगितली, कारण होती म्हणून."

"तू कधी जेवलीस तिथे?"

काकू विचारात पडल्या. पडद्यावर नटी ताट वाढत होती. त्या ताटात वाटाण्याची उसळ होती. काकूंना तो वास आल्यासारखा वाटला, आणि ते ताट आपण पाहिलं होतं असंही वाटलं. "जेवले नाय," त्या म्हणाल्या, "पण बघितलंय."

तिथून जो घोळ सुरू झाला तो दर खेपेला वाढतच गेला. पिक्चरमधला सगळ्यांत गाजलेला प्रसंग सुकेळ्यांचाच आहे. समोर एक माणूस थरथरत उभा, बाई खुर्चीत, तिच्या मांडीवर केळीच्या पानाचं पुडकं. ती लांब पात्याचा चाकू काढते, एका फटक्यात पुडकं चिरते, सुकेळं तोंडात टाकते आणि त्या माणसाकडे बघत चावत राहते. थिएटरात शिट्ट्या पडल्या म्हणे. पहिल्यांदा हे बघताना काकू म्हणाल्या होत्या, "चाकू? छ्या." पाचसात पाहुण्यांनंतर त्या म्हणू लागल्या, "असेल बाबा, मी गेल्यावर काढत असेल." आणि मग एक दिवस लेस्लीने मोबाइल समोर धरला तेव्हा काकू स्वतः हात उगारून सांगत्या झाल्या, "असा चाकू घ्यायची आणि चट्टदिशी कापायची! मी दारात उभी." लेस्लीने ते चित्रण मोबाइलवरून जगभर सोडून दिलं. काकूंना जराही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. त्यांना ते दिसत होतं. फक्त कधी पाहिलं, ते आठवत नव्हतं.

माणसाच्या आठवणीत असं कुणी चपला घालून शिरलं, की चीड येते मला. पण काकूंना कुठे चीड आली होती? त्या तर आनंदात होत्या.

ते चित्रण बघून नायगावहून फोन आला. बाईमाणसाचा आवाज, नाव मीरा. यायचं आहे म्हणाली, काकूंना भेटायचं आहे. काकूंना वाटलं, पेपरवाली असेल. रविवारी सकाळी त्यांनी नवं पातळ नेसलं आणि जागृतीकडून ताटलीत सुकेळ्यांचं एक पुडकं काढून ठेवून घेतलं. घरात अजून थोडी सुकेळी करतात, पाहुण्यांपुरती.

मीरा चाळिशीची. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, ऑफिसात काम करणाऱ्या बायकांचा असतो तसा थकलेला आणि नीटनेटका चेहरा. काकू हाक मारणार, "जागृती, बाईचा—" तेवढ्यात ती म्हणाली, "पिक्चर नको मावशी. पाहिलाय मी." मग म्हणाली, "ती माझी आई."

जागृतीच्या हातात रिमोट तसाच राहिला.

मीराने सांगितलं ते थोडक्यात असं. आई गेली तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. पिक्चरमध्ये आई जिन्यात गोळ्या लागून मरते. खरी आई हॉस्पिटलात काविळीने गेली. मावशीने मीराला नाशिकला नेलं, नाव बदललं, आणि आईचा विषय घरात बंद करून टाकला. एक फोटोदेखील ठेवला नाही. पुढे नोकरी, लग्न, नायगावच्या टॉवरमधलं घर. आपण कुणाची मुलगी हे नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आणि मग हा पिक्चर आला.

"मला आईचं फार थोडं आठवायचं," मीरा म्हणाली. "एक हात, एक साडीची किनार. आता तेही गेलं. डोळे मिटले की ती नटीच येते. आईला खरं पाहिलेलं माणूस मला तुमच्याशिवाय कुणी सापडलं नाही. म्हणून आले. मला एक तरी खरी गोष्ट सांगा."

काकू खूश झाल्या. सांगायला त्यांच्याकडे काय कमी होतं? "अगो, मोठी बाई! ताटं काय वाढायची, उसळ काय करायची—"

"म्हणजे खानावळ खरंच होती?" मीरा पुढे सरकली. "पिक्चरमध्ये तेवढंच मला बरं वाटलं होतं. आई कुणाला जेवू घालायची, हे."

"होती तर. दाखवलीये ना पिक्चरमध्ये."

"अगो," तुळशीदासकाका कोपऱ्यातून म्हणाले, "पिक्चरमध्ये तुझ्यामुळे आहे. पोरीला नीट सांग."

काकू मनात हिशेब लावू लागल्या. पिक्चरमध्ये आहे कारण त्यांनी सांगितली. त्यांनी सांगितली कारण त्यांना वाटलं होतं. आणि वाटलं होतं कशावरून, तर पुरुषांवरून आणि आंबूस वासावरून. ताट कुठे पाहिलं मग? त्यांनी ताट शोधलं, तर ताट धरलेला हात नटीचा होता, नखं रंगवलेली. त्यांनी बाईचा चेहरा शोधला, तर तिथेही नटी. "थांब हं," त्या म्हणाल्या, "सुकेळी. सुकेळी तर खरीच. माझ्याकडूनच घ्यायची. चाकूने असं चट्टदिशी—"

मीराने मान खाली घातली. आईच्या हातात चाकू तिने पडद्यावर पुरेसा पाहिला होता.

मग वर न बघताच तिने विचारलं. बहुतेक हेच विचारायला ती आली होती. "आणि मी? मी दिसले का तुम्हाला कधी? आई मला जवळ ठेवायची, की कुणाकडे टाकून दिलं होतं? पिक्चरमध्ये मीच नाही."

काकूंनी मनात बाईच्या खोलीचा दरवाजा उघडून पाहिला. खुर्ची होती, चाकू होता, थरथरणारा माणूस होता. मूल कुठेच नव्हतं. "मुलगी?" त्या गोंधळून म्हणाल्या. "बाईला मुलगी नव्हती गो."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण कुणाला काय बोललो. जागृतीने "आई!" म्हणून दटावलं. काकूंचा चेहरा पडला. "मना काय आठवतंय आणि काय नाय, काय समजत नाय बघ," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या वसईला बाईची गोष्ट सांगत सुटलेल्या या माणसापाशी बाईच्या लेकीला द्यायला काहीच नव्हतं. इतकं रिकामं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मीरा शहाणी. तिने राग धरला नाही. "असू दे मावशी," म्हणाली. उठून जायचं तर यजमानांचा मान राखायला हवा, म्हणून तिने समोरचं पुडकं उचललं. जागृती कात्री आणायला वळली, पण मीराने आधीच नख गाठीखाली घातलं होतं. ती घट्ट गाठ ती सावकाश सोडवत होती, घाई न करता, जिभेचं टोक दातांत धरून. गाठ सुटली. तिने पान उलगडलं, सुकेळी ताटलीत ठेवली, पान मांडीवर तळव्याने सपाट केलं, त्याची चौघडी केली आणि बाजूला ठेवली. मग दोरी घेऊन ती डाव्या हाताच्या चार बोटांभोवती गुंडाळू लागली.

काकू बघत राहिल्या. "हे तुला कुणी शिकवलं?"

"काय?" मीराने हाताकडे पाहिलं. "हे होय? कुणी नाही. दोरी टाकवत नाही मला. घरी सगळे हसतात."

"कुणी नाय कसं?" काकूंचा आवाज चढला. "चाकू नव्हता! कधीच नव्हता चाकू! अशी नखाने सोडायची ती गाठ. माझी गाठ सोडणारं तेवढं एकच माणूस होतं. पान परत द्यायची, दोरी नाय द्यायची—" आणि त्या एकदम थांबल्या.

दोरी का नाही द्यायची, ते त्यांना दिसलं. खुर्चीत नव्हे, बाई उंबऱ्यात बसलेली. तोंडावर नटी नाही. तोंड काही नीट दिसतच नाही, पण हात दिसतात, काळेसावळे, नखं कापलेली. चार बोटांवर दोरी गुंडाळून झाली, की बाई शेवटचं टोक आत खुपसते आणि न बघताच हात मागे करते. मागे तिच्या पदराला धरून एक नाकात बोट घातलेली पोर उभी. ती मनगट पुढे करते. वेटोळं मनगटात जातं. पोरीच्या हातात अशी आधीचीही वेटोळी असतात, सुकून पिवळी पडलेली. आणि ही वसईवाली चंद्रकांता पाटी उचलताना मनात म्हणते, चांगली दोरी पोरीला खेळायला देते मेली.

"होतीस तू," काकू म्हणाल्या. "पदर धरून उभी असायचीस. शेंबडी होतीस. माझी दोरी तुझ्या हातात घालायची ती. बांगडी म्हणून."

मीराने दोरीवरून मान वर केली. "नक्की?" ती म्हणाली. "हे पिक्चरमधलं नाही ना?"

"पिक्चरमध्ये कुठे आहेस तू?" काकू म्हणाल्या. "आणि खानावळ नव्हती गो. मनाच वाटायचं. त्या घरात कधी फोडणीचा वास आला नाय. मी आपली खुळ्यासारखी रोज विचारायचे काय केलंय, आणि ती मला उसळ सांगायची. माझं मन राखायला सांगत असेल. चेहरा मागू नको मला. चेहरा नाय राहिला. एवढंच आहे."

मीराने मान हलवली. हलवतच राहिली. जागृतीने टीव्ही भिंतीवरच्या बटनापासून बंद केला, जरी तो लागलेला नव्हताच.

काकूंनी मीराच्या बोटांवरचं वेटोळं हळूच काढून घेतलं, शेवटचं टोक आत खुपसलं आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन वेटोळं वर चढवू लागल्या. ते बोटांवरून गेलं. पुढे तळव्याच्या हाडांपाशी अडलं. काकूंनी तिचा अंगठा आत दाबला, जसं कासार दाबतो तसं, आणि पुन्हा लोटून पाहिलं.

"नाही जायचं मावशी," मीरा म्हणाली. "मोठी झाले मी."

पण तिने हात काढून घेतला नाही.